मेल्यावर पंचनाम्याला येता, जिवंतपणी विचारायला कोण आहे?

शेतकऱ्यानं जीव दिला की सरकारी यंत्रणा कशी हलते ते विदर्भ-मराठवाड्यात सगळ्यांना पाठ झालंय. तलाठी येतो, पोलीस पंचनामा करतात, सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज सोसायटीचं का बँकेचं, थकीत होतं का, सावकाराचा तगादा होता का हे सगळं कागदावर येतं, मग जिल्ह्याला समिती बसते आणि प्रकरण पात्र का अपात्र ते ठरवते, पात्र निघालं तर घरच्यांना १ लाख रुपये, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून. २००६ पासून ही पद्धत चालू आहे. माणूस गेल्यानंतरसाठी फॉर्म आहेत, समित्या आहेत, बैठका आहेत. तो जिवंत असताना, म्हणजे ज्या काळात काहीतरी करता येत होतं त्या काळात, त्याच्या दारात जाऊन "भाऊ, रात्री झोप लागते का?" एवढं विचारायचं काम मात्र कोणाकडेच नाही.

आणि आधी काही दिसत नाही असं फार कमी वेळा असतं. घरच्यांना विचारा, सांगतात. पहाटे तीनलाच उठून बसायचा, जेवण कमी झालं होतं, पारावर येणं बंद केलं, वावरात जायचा पण बांधावरच बसून राहायचा, पोरीच्या लग्नाचा विषय निघाला की उठून जायचा. बायकोला दिसत होतं, भावाला दिसत होतं, पण विचारायचं कसं आणि समजा विचारलं नि तो "हो, जगू वाटत नाही" म्हणाला तर पुढं करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून "टेन्शन आहे, पीक निघालं की होईल बरोबर" असं म्हणून सगळे गप्प राहिले.

माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक गावात त्याच गावातली दोन-चार माणसं या कामासाठी नीट तयार करायला हवीत, त्यांना पैसे द्यायला हवेत, आणि त्यांच्या पाठीमागे डॉक्टर, औषधं आणि दर आठवड्याला बोलायला कोणीतरी अनुभवी माणूस असायला हवा. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून चालवून घ्यायची सोय एवढंच हे नाही. खेड्यातल्या दुःखाचा जो मोठा भाग आहे, उदासी, काळजी, झोप उडणं, मन कशात न लागणं, त्यासाठी हाच योग्य उपचार आहे. आणि हे हवेतलं बोलणं नाही, आपल्याच राज्यात करून बघितलेलं आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातले आरोग्य कार्यकर्ते घरोघरी आणि बैठकांमधून बोलायचे, जास्त त्रास असलेल्यांना समुपदेशक भेटायचे आणि ज्यांना औषधाची गरज आहे त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० माणसांमधली जेमतेम चार जणं मदत घेत होती, दीड वर्षानं हा आकडा २७ च्या पुढे गेला. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. आता हे आधीच्या आणि नंतरच्या सर्व्हेची तुलना करून काढलेले आकडे आहेत, तेव्हा पूर्ण श्रेय प्रकल्पालाच द्यावं असं मी म्हणणार नाही, त्या काळात पाऊस, भाव, बाकी बरंच काही बदललेलं असू शकतं. पण मदत घेणारे सहापट झाले हे काही आपोआप होत नाही. लोक मदत नाकारतात, लाजतात, त्यांना हे पटत नाही असं जे वर्षानुवर्षं सांगितलं जातं ते या एका आकड्यासमोर टिकत नाही. मदत दारापर्यंत आली की लोक घेतात.

शेजारी गोव्यात 'संगथ' या संस्थेनं यापेक्षा कडक कसोटी लावली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ज्यांना बऱ्यापैकी तीव्र नैराश्य आहे अशा ४९५ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला नेहमीचे उपचार आणि दुसऱ्याला त्याबरोबर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन, आणि हे समुपदेशन करणारे मानसशास्त्राची डिग्री नसलेले स्थानिक लोक. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते, दुसऱ्या गटातले ६४ टक्के. भेटींमध्ये करत काय होते? माणसानं सोडून दिलेल्या गोष्टी एकेक करून परत सुरू करायच्या. सकाळी चालायला जायचो ते बंद केलं, मग उद्या फक्त नाक्यापर्यंत जाऊन यायचं. बहिणीशी बोलणं तोडलं, मग या आठवड्यात एक फोन करायचा. ऐकायला किती साधं वाटतं, पण अंथरुणातून उठायची ताकद गेलेल्या माणसाबरोबर बसून हे ठरवणं, पुढच्या वेळी "झालं का?" विचारणं, नाही झालं तर न रागावता परत ठरवणं, हे कसब आहे आणि ते शिकवता येतं.

मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. या समुपदेशकांना काही आठवडे वर्गात शिकवलं, मग काही महिने देखरेखीखाली काम करायला लावलं, आणि नंतरसुद्धा ते एकमेकांच्या भेटींची रेकॉर्डिंग ऐकायचे, गुण द्यायचे, इथं तू घाई केलीस, इथं तिला बोलूच दिलं नाहीस असं सांगायचे. हे आपल्याकडे प्रशिक्षण म्हणतात त्यापेक्षा फार वेगळं आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे तालुक्याच्या हॉलमध्ये एक दिवस, मागे बॅनर, दीपप्रज्वलन, तीन भाषणं, चहा-पोहे, दुपारी प्रोजेक्टरवर स्लाइड, संध्याकाळी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. असल्या दिवसातून "मानसिक आरोग्य महत्त्वाचं आहे" एवढं कळतं, समोर रडणाऱ्या बाईशी बोलायचं कसं ते कळत नाही.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीनं 'आत्मीयता' नावाचं काम आधी नाशिक जिल्ह्यातल्या गावांमध्ये आणि मग गुजरातच्या मेहसाण्यात उभं केलं, २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातली चांगली उदाहरणं निवडली त्यात ते आहे. त्यात गावातलेच स्वयंसेवक असतात, काहीजण नुसते लक्ष ठेवणारे, कोण गप्प झालंय, कोणाचं घर बिघडलंय ते बघणारे, आणि काही 'चॅम्पियन' जे चार-सहा वेळा भेटून नीट समुपदेशन करतात. हेच चॅम्पियन लोकांना विधवा पेन्शन, रोजगार हमी, अपंगत्वाचा दाखला असल्या योजनांपर्यंत पोचवतात. हे मला फार पटतं. जिची पेन्शन आठ महिने अडकली आहे तिला नुसतं श्वासाचे व्यायाम शिकवून कसं चालेल?

इथंच तो मोठा आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. शेतकरी चळवळीतली माणसं म्हणतात, कापसाला-सोयाबीनला भाव द्या, कर्जाचं बघा, पाणी द्या, आमच्या डोक्यात काही बिघाड नाही, बिघाड धोरणात आहे, समुपदेशन म्हणजे सरकारनं स्वतःवरचं झटकून शेतकऱ्याच्या मनावर ढकलणं. यातला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. भाव पडला तर घर पडतं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली कोणी हमीभावाचा प्रश्न बाजूला सारायला बघत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण एकाच गावात, एकाच वर्षी, तेवढंच कर्ज असलेली ५० घरं असतात आणि त्यातल्या एखाद्याच घरात माणूस दोरीच्या टोकाला येतो, त्या घरात कर्जाबरोबर दारू असते, आजारपण असतं, भावकीतला वाद असतो, कोणाशी न बोलता काढलेले महिने असतात. धोरण बदलेल तेव्हा बदलेल, त्यासाठी भांडत राहू, पण तोवर या हंगामात जो माणूस खचतोय त्याला थांब म्हणायचं का? ज्याला उठायचीच ताकद नाही तो मोर्चाला तरी कसा येणार.

शिवाय हा प्रश्न फक्त सातबारावाल्या पुरुषाचा धरला की बाकीचे दिसतच नाहीत. २०२२ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या, त्यातले ४,२४८ महाराष्ट्रातले. देशाच्या या आकड्यात निम्म्याहून जास्त शेतमजूर आहेत, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, म्हणजे पात्र-अपात्रच्या यादीत यायचा प्रश्नच नाही. आणि त्याच वर्षी देशात ज्या बायकांनी जीव दिला त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या नावापुढे 'गृहिणी' असं लिहिलेलं आहे. त्यांच्या घरी कुठली समिती जाते? नवरा गेल्यावर कर्ज, पोरं, सासर आणि वावर एकटीनं ओढणाऱ्या बाईची झोप कोण विचारतं?

आता गावातली शिकलेली-न शिकलेली माणसं असलं नाजूक काम करू शकतील का, ही शंका शहरातल्या डॉक्टरांना येते. महाराष्ट्रानं ही शंका दोनदा खोटी पाडलेली आहे. १९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांना, कितीतरी निरक्षर आणि दलित बायकांना, आरोग्याचं काम शिकवलं आणि ते बघायला जगभरातून लोक यायला लागले. मग गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं, बालमृत्यू झपाट्यानं उतरले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढं देशभरातल्या आशा या गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांच्या कामात घरी जाऊन बाळ तपासणं आलं ते या अनुभवातून. तान्ह्या बाळाचा जीव ज्या हातात देता येतो त्या हातांना दुःखी माणसाचं ऐकून घेता येणार नाही असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही.

पण जामखेड आणि गडचिरोलीत त्या बायकांच्या पाठीमागे दवाखाना होता, शिकवणारा माणूस सतत यायचा, हे आपण सोयीनं विसरतो. सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, ज्यांना त्रास दिसेल त्यांना पुढं पाठवायचं, १०४ वर फोनची सोय. कल्पना चांगलीच आहे. पण आशाताईंकडे आधीच गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरण, क्षयरोग, हिवताप, बीपी-शुगर, कार्ड काढणं, दहा ॲप आणि वीस रजिस्टरं आहेत, त्यांना कामाप्रमाणे मोबदला मिळतो आणि तोही वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांना मुंबईत आझाद मैदानावर जाऊन बसावं लागतं. त्यांच्या डोक्यावर अजून एक फॉर्म ठेवला की तो फॉर्म भरला जातो, एवढंच होतं. "मागच्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का" हा प्रश्न उंबऱ्यात उभ्या उभ्या, सासू शेजारी बसलेली असताना विचारला तर सुनेचं उत्तर काय येणार ते सगळ्यांना माहितीये. या कामाला वेळ लागतो, एका घरात तासभर बसायला लागतं आणि परत परत जायला लागतं, म्हणून यासाठी वेगळी माणसं आणि वेगळं मानधन पाहिजे, सेवाभावाच्या नावाखाली फुकटात नको. बायका फुकट करतात म्हणून त्यांच्यावर टाकायचं हे आता पुरे झालं.

माणसं निवडायची कशी याचं उत्तर गावातच असतं. वेळ आली की लोक कोणाकडे जातात ते विचारा, दरवेळी तीच तीन-चार नावं येतात. बचत गटातली एखादी काकू, निवृत्त शिक्षक, डेअरीचा सचिव, भजनी मंडळातला एखादा माणूस, कधी बारावी झालेली सून जिच्याशी पोरी मोकळं बोलतात. सरपंचानं आपल्या माणसांची नावं दिली तर सगळं तिथंच संपलं. एकाच वस्तीतली सगळी निवडली तरी संपलं, कारण गावठाणातली बाई बौद्धवाड्यात, तांड्यावर, पारधी बेड्यावर जाऊन जमिनीवर बसेल का आणि तिथली माणसं तिच्याशी मनातलं बोलतील का, हा प्रश्न आपण बोलत नसलो तरी आहे. प्रत्येक वस्तीतलं माणूस हवं, आणि बाई हवीच, कारण नवऱ्याच्या दारूबद्दल आणि मारहाणीबद्दल बाई बाईशीच बोलेल.

सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे गुपित. गावात बातमी पाण्याच्या टाकीपाशी सुरू होते आणि संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोचते, मग "अमक्याच्या डोक्यावर परिणाम झालाय" आणि पोरीचं जमलेलं लग्न मोडतं. एकदा असं झालं की त्या गावात पुढची दहा वर्षं कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवीन, काय सांगायचं नाही, कोणाला सांगायचं नाही, स्वतःच्या घरात पण कसं सांगायचं नाही, आणि फक्त जिवाला धोका असेल तेव्हा कोणाला आणि किती सांगायचं. जो हे पाळत नाही त्याला कामावरून कमी करायचं, मग तो कितीही चांगला बोलत असला तरी.

दुसरं म्हणजे थेट विचारायला शिकवणं. मरायचे विचार येतात का असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं आपण घालू ही भीती सगळ्यांना असते, शिकलेल्यांना पण, आणि ती खोटी आहे, जगभरच्या अभ्यासात विचारल्यानं धोका वाढत नाही असंच दिसलंय, उलट माणसाला हलकं वाटतं की कोणीतरी बोललं. "भाऊ, जीव नकोसा झालाय का? तसं काही मनात येतं का?" असं डोळ्यात बघून विचारता आलं पाहिजे, आणि हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायचं, सकाळी बरोबर जाऊन डॉक्टरला दाखवायचं. यात कृषी केंद्रवाल्यांना पण घ्यायला हवं, रोज त्यांच्या दुकानात उधारीच्या चिंतेत उभी राहणारी माणसं त्यांना सगळ्यात आधी दिसतात. श्रीलंकेनं अति विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली तेव्हा तिथल्या आत्महत्या बऱ्याच खाली आल्या, ते काम अर्थात सरकारचं आहे, गावात तयार केलेल्या माणसाचं नाही.

तिसरं, आपलं काम कुठं संपतं ते कळणं. कानात आवाज येतात, कोणीतरी विष घालतंय असं वाटतं, आठवडाभर झोपच नाही आणि पैसे उधळतोय, दारू अचानक बंद केल्यावर हातपाय थरथरतात, भास होतात, हे समुपदेशनानं बरं होत नाही, डॉक्टर लागतो आणि तो लगेच लागतो. असल्या आजारात घरचे आधी भगताकडे, देवऋषीकडे नाहीतर बुलढाण्यात सैलानी बाबाच्या दर्ग्यावर नेतात. त्यांना मूर्ख म्हणून काही मिळणार नाही, ते माणूस बरा व्हावा म्हणूनच जातात आणि पैसे मोडून जातात. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर दुवा आणि दवा दोन्ही एकाच आवारात द्यायला सुरुवात झाली, तसं आपल्याकडे करता येईल. पण साखळीनं बांधणं, मारणं, उपाशी ठेवणं याला माफी नाही, २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडी या दर्ग्याच्या गावात बांधून ठेवलेली २८ माणसं आगीत जळाली, पळता आलं नाही म्हणून.

डॉक्टर मात्र पाहिजेच ना. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात लाखामागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि जे आहेत ते शहरात. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, मेळघाटातल्या माणसानं कुठं जायचं? गावातल्या तयार केलेल्या बाईनं समजावून, दोन महिने मन वळवून एखाद्याला तालुक्याला नेलं आणि तिथं "साहेब पुढच्या महिन्यात येतील, गोळ्या बाहेरून घ्या" असं ऐकायला मिळालं तर तो परत जाणार नाही आणि तिच्यावरचा विश्वास पण जाईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. त्याच कायद्यानं असंही ठरवलंय की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, हे गावागावात सांगायला हवं, कारण पोलीस केस होईल या भीतीनं लोक अजूनही दवाखान्यात उशिरा नेतात.

पैशाचं बोलायचं तर पंधराव्या वित्त आयोगानं (२०२१-२६) दिलेल्या अबंधित निधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीला गावच्या गरजेप्रमाणे वापरायला मिळालेल्या पैशातून, पगार देता येत नाही, ग्रामपंचायत फार तर प्रशिक्षणाची सोय, बसायला बंद दाराची खोली असलं काही करू शकेल. मानधन, देखरेख करणारे समुपदेशक आणि औषधं राज्यालाच द्यावी लागतील, आणि एका वर्षाच्या पायलटवर नाही तर कायमच्या बजेटमधून, कारण प्रकल्प संपला की शिकवलेली माणसं परत मजुरीला जातात आणि लोकांना सवय लागलेली मदत एका दिवसात बंद होते, हे काही न करण्यापेक्षा वाईट.

पुढच्या ग्रामसभेत एवढे प्रश्न विचारता येतील, १५ ऑगस्ट असो नाहीतर २ ऑक्टोबर: आपल्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून कोणत्या वारी येतात, नैराश्याच्या गोळ्यांचा साठा आज आहे का, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक आपल्या तालुक्याला नेमलाय का, आणि आपल्या गावातली कोणती चार माणसं शिकायला पाठवायची. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा. आणि आज रात्रीच कोणाला गरज असेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं, शाळेच्या आणि कृषी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.